छोट्या चार्टर मिडल स्कूलचे आकडे कसे वाचायचे : कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या पालकांसाठी

घराच्या लीजवर सही करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. चार्टर शाळेच्या (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाच्या कारभाराने चालणाऱ्या शाळेच्या) शेजारी घर घेतलं म्हणून त्या शाळेत जागा मिळत नाही. डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, शाळा पत्त्यावरून ठरते, चार्टरची जागा लॉटरीतून. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच संपते. आपली मंडळी बदली होऊन जून-जुलैत उतरतात, तोवर सोडत कधीच झालेली असते. तरी दरवर्षी कुणी ना कुणी घराच्या जाहिरातीखाली दहापैकी नऊ गुणांची चार्टर शाळा बघतं आणि दोन रस्ते सोडून बारा महिन्यांच्या कराराने अपार्टमेंट घेतं. मुलाचा नंबर वेटलिस्टवर ऐंशीच्या पुढे आहे हे मागाहून कळतं, आणि त्या पत्त्यावर डिस्ट्रिक्टची कोणती शाळा येते हे तर बघितलेलंच नसतं. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांना प्राधान्य मिळतं, पण ते सहसा अख्ख्या डिस्ट्रिक्टला असतं. शाळेच्या कुंपणाला लागून राहणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही.

म्हणून आधी डिस्ट्रिक्टची शाळा पसंत पडेल असं घर बघा आणि मग चार्टरचा अर्ज करा. हा क्रम उलटा करू नका. शाळेला फोन केलात तर "वेटलिस्टवर आमचा नंबर कितवा?" एवढंच विचारून थांबू नका. "गेल्या वर्षी या इयत्तेच्या यादीतल्या कितव्या नंबरपर्यंत बोलावणं गेलं?" हेही विचारा. खरा अंदाज त्यावरून येतो. प्रत्येक इयत्तेची यादी वेगळी असते, आणि सातवी-आठवीत कुणी सोडून गेलं तरच जागा निघते.

चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२ चा. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा, फी नाही, धार्मिक शिक्षण नाही, प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडायची सोय नाही. महाराष्ट्रातली अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणलीत तर बरंच जुळेल. मोठा फरक हा की चार्टरला मुदत असते. ती संपत आली की डिस्ट्रिक्ट किंवा काउंटीपुढे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि निकाल वाईट असतील तर तो नाकारला जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शाळांचे तीन गट पडतात. उत्तम गटाला पाच ते सात वर्षं मिळतात, मधल्याला पाच, तळाच्या गटाला मिळालीच तर दोन. मूल सहावीत जात असेल तर शाळेची मुदत त्याची आठवी होईपर्यंत पुरते का, एवढं आधी बघून घ्या. नूतनीकरणाचा अर्ज सार्वजनिक कागद असतो, मागितला की मिळतो, आणि शाळेच्या वेबसाइटपेक्षा त्यात कितीतरी जास्त माहिती असते.

आता निकाल. "शाळेचा निकाल किती टक्के?" हा आपला प्रश्न दहावीच्या सवयीचा आहे. तिथे ९८ टक्के म्हणजे शंभरातली ९८ मुलं पास. इथली कॅस्प चाचणी तिसरी ते आठवी आणि अकरावीला वसंत ऋतूत होते. त्यात कुणी नापास होत नाही आणि वरच्या वर्गात जाणं तिच्यावर अवलंबून नसतं. गुणांच्या चार पातळ्या असतात, आणि वरच्या दोन पातळ्यांत किती मुलं बसली तो आकडा तुम्हाला दिसतो. २०२४ मध्ये संपूर्ण राज्यात हे प्रमाण इंग्रजीत सुमारे ४७ टक्के आणि गणितात साधारण ३५.५ टक्के होतं. त्यामुळे गणितात ५२ टक्के दिसले की "निम्मी मुलं नापास" म्हणून पुढे जाऊ नका. ती शाळा राज्याच्या बरीच पुढे आहे.

छोट्या शाळेत टक्क्यांच्या आधी डोकी मोजायची. समजा सहावीत ६२ मुलांनी परीक्षा दिली आणि ३१ वरच्या पातळ्यांत बसली, म्हणजे ५० टक्के. पुढच्या वर्षी तेवढ्याच पटात ३५ बसली तर ५६ टक्के. शाळेच्या माहितीपत्रकात "सहा टक्क्यांची झेप" छापून येईल, पण फरक फक्त चार मुलांचा आहे. साठेक मुलांच्या तुकडीत शिकवण्यात काहीही न बदलता निकाल सहा-सात टक्के इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं, आणि बारा टक्केही अशक्य नाही. गुणवत्तायाद्यांच्या अगदी वर छोट्या शाळा दिसतात आणि अगदी तळाशीही दिसतात, ते याचमुळे. हजार मुलांच्या मिडल स्कूलचा आकडा सहजासहजी हलत नाही.

उपाय सोपा आहे. तीन वर्षांची मुलं एकत्र करा. ६२ पैकी ३१, ६२ पैकी ३५ आणि ५८ पैकी २९ म्हणजे १८२ पैकी ९५, साधारण ५२ टक्के. भरवसा ठेवायचा तो या आकड्यावर. टक्क्यांच्या जोडीला कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड या राज्याच्या साइटवर 'मानकापासूनचं अंतर' बघा. मानक म्हणजे त्या इयत्तेसाठी अपेक्षित गुणांची रेषा. शून्य म्हणजे नेमकं मानकावर, अधिक १२ म्हणजे सरासरी मूल १२ गुण वर. टक्केवारीत मूल रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला एवढंच मोजलं जातं, अंतरात प्रत्येकाचे गुण धरले जातात. डॅशबोर्ड शाळेला देतो त्या लाल ते निळ्या रंगांवर मात्र छोट्या शाळेबाबत विसंबू नका. रंगात गेल्या वर्षीपासूनचा बदल मिसळलेला असतो, आणि तो बदल किती फसवा असतो ते वर आलंच आहे.

यानंतर बघायचं ते कुणी फारसं बघत नाही. सहावी, सातवी आणि आठवीचे आकडे एकाच वर्षाचे शेजारी ठेवले तर ती तीन वेगळ्या तुकड्यांची मुलं असतात. एकाच तुकडीचा प्रवास बघायचा तर २०२२ ची सहावी, २०२३ ची सातवी आणि २०२४ ची आठवी घ्या, आणि त्याच वेळी पटही बघा. राज्याच्या डेटाक्वेस्ट साइटवर ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मोजलेला इयत्तावार पट मिळतो. समजा सहावीत ७२ मुलं होती आणि त्यातली ३० वरच्या पातळ्यांत, म्हणजे ४२ टक्के. आठवीपर्यंत २१ मुलं गेली, त्यातली १८ कच्ची. उरलेल्या ५१ पैकी २७, म्हणजे ५३ टक्के. एकाही मुलाची प्रगती न होता निकाल ११ टक्के वाढला. पट असा गळत असेल तर शाळेला विचारा की मुलं कुठे गेली आणि रिकाम्या जागी सातवीत नवी घेतली का. काही घरं नोकरीमुळे हलतात, ते साहजिक आहे. पण गळती दरवर्षी आणि मुख्यतः कच्च्या मुलांचीच असेल, तर तुमचं मूल एखाद्या वर्षी मागे पडल्यावर शाळा काय करेल याचं उत्तर तिथेच मिळतं.

विद्यार्थ्यांच्या गटांबद्दल सावकाश लिहायला हवं, कारण इथे आपले लोक सगळ्यात जास्त चुकतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो "तिथे आपले किती?" आणि दुसरा, हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण बघून, "शाळा चांगली आहे ना?" दुसऱ्या प्रश्नामागचा समज चुकीचा आहे आणि त्या मुलांवर अन्याय करणारा आहे. पाच मैलांवरच्या शेतात किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आईबापांची मुलं वर्गात असणं म्हणजे शिकवणं वाईट, असं नाही. एकूण निकाल बराचसा घरच्या उत्पन्नावर आणि आईबापांच्या शिक्षणावर हलतो. इंजिनिअरांच्या वस्तीतल्या शाळेचा आकडा मोठा असतो, त्यात संध्याकाळच्या गणिताच्या क्लासचाही वाटा असतो.

तुलना गटवार करा. समजा पहिल्या शाळेत आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित गटाची ४० टक्के मुलं आहेत, त्यांचा निकाल ४५ आणि इतरांचा ७५. एकूण ६३. दुसऱ्या शाळेत वंचित मुलं १० टक्केच, त्यांचा निकाल ३० आणि इतरांचा ७२. एकूण ६८. जाहिरातीत दुसरी शाळा वर दिसते. दोन्ही गटांना जास्त चांगलं शिकवते ती पहिली. वंचित गटात मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र मुलं येतात, तसंच ज्यांचे आईवडील हायस्कूल पूर्ण करू शकले नाहीत अशी मुलंही.

छोट्या शाळेत गटांच्या निकालाच्या जागी बऱ्याचदा नुसती चांदणी (*) दिसते. दहा किंवा त्याहून कमी मुलं असतील तर मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून निकाल झाकतात, आणि डॅशबोर्डवर ३० पेक्षा कमी मुलांच्या गटाला रंग मिळत नाही. चांदणी म्हणजे शाळा काही लपवतेय असं नव्हे. आणि 'एशियन' हा एकच रकाना आहे. पुण्याची मुलगी, व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांचा नातू आणि चिनी इंजिनिअरचा मुलगा, सगळे त्यात. फिलिपिनो तेवढे कॅलिफोर्नियात वेगळे मोजतात. त्यामुळे त्या रकान्यातून आपल्या मुलाबद्दल अंदाज बांधू नका.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची प्रश्नावली येते. मराठी लिहिलं तर मुलाला "कमी इंग्रजी येणारा" ठरवतील या भीतीने अनेक जण इंग्रजी लिहितात. खरं तेच लिहा. मराठी लिहिल्यावर ३० दिवसांत एलपॅक नावाची इंग्रजीची चाचणी होते. मुंबई-नाशिकच्या इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं बहुधा पहिल्याच फेरीत पार होतात. ज्याला इंग्रजी खरोखर जड जातं, त्याला मदतीचा हक्क यातूनच मिळतो. या मदतीचा तास छोट्या शाळेत कधीकधी चित्रकला किंवा वाद्यवृंदाच्या तासातून काढतात. तसं होतं का, विचारून घ्या.

गैरहजेरीचा आकडा बघताना आपलाही त्यातला वाटा ओळखा. वर्षाचे १० टक्के दिवस चुकले की मूल दीर्घ गैरहजर धरतात. १८० दिवसांत ते १८ दिवस, आणि कारण सांगून घेतलेली रजाही त्यात धरतात. डिसेंबरच्या सुट्टीला तीन आठवडे जोडून भारतात गेलात की १५ दिवस तिथेच संपले. १८० मुलांच्या शाळेत अशी पाच मुलं आणखी तीन दिवस चुकली की आकडा जवळजवळ तीन टक्के वाढतो. तिकीट काढण्याआधी शाळेशी स्वतंत्र अभ्यासाचा लेखी करार करा. दिलेला अभ्यास पूर्ण केला तर ते दिवस गैरहजेरीत जात नाहीत.

शिक्षकांची माहिती दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत प्रसिद्ध होणाऱ्या शाळेच्या अहवालात असते. किती जणांकडे त्या विषयाचा पूर्ण परवाना आहे ते बघा. छोट्या शाळेत सगळ्या आठवीला एकच गणित शिक्षक असतो. तो सोडून गेला तर त्याच्या जागी कोण? पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर येतो, त्यामुळे वीस मुलं कमी झाली की पुढच्या वर्षी एखादं शिक्षकपद जाऊ शकतं. इमारत स्वतःची, भाड्याची की डिस्ट्रिक्टने वर्षागणिक दिलेल्या वर्गखोल्या, हेही विचारा.

गणितात पुढे असलेल्या मुलासाठी आठवीत अल्जिब्रा १ चा पूर्ण वर्षाचा वर्ग आहे का, की मूल संगणकावर एकटं बसून शिकतं? मोठ्या डिस्ट्रिक्ट शाळेत या वर्गाच्या दोन-तीन तुकड्या असतात. सत्तर मुलांच्या आठवीत अशी मुलं जेमतेम दहा-बारा, आणि तेवढ्यांसाठी वेगळा शिक्षक ठेवणं परवडत नाही. त्याउलट बुजरं किंवा नुकतंच देश बदलून आलेलं मूल अशा शाळेत हरवत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाला त्याचं नाव नीट उच्चारता येतं, आणि मागे पडलं तर आठवड्याभरात कुणाच्या तरी लक्षात येतं. हा फायदा कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

आठवीनंतरचं हायस्कूल पुन्हा पत्त्यावरून, नाहीतर नव्या लॉटरीतून. लीज करताना तो पत्ता हायस्कूलच्या हद्दीत कुठे येतो हेही बघा.

सातवीसाठी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची) लस आणि कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस लागतात, लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. काही काउंटींत क्षयरोगाच्या धोक्याची तपासणी मागतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांकडे रक्ताची चाचणी मागा. वेटलिस्टवरून फोन आला की उत्तराला बऱ्याचदा दोन-तीन दिवसच मिळतात, आणि कागद तयार नसतील तर जागा पुढच्या नंबरला जाते.