सुरी-कोयत्याची मूठ बदलताय? या चुका टाळा

बऱ्याच घरांत अशा दोन सुऱ्या असतात. एकीचं पातं अजून उत्तम, पण मूठ फुटलेली. दुसरीची शिसवी मूठ ठणठणीत, पण पातं झिजून झिजून करंगळीएवढं उरलेलं. मग मनात येतं, हिची मूठ तिला बसवली की काम झालं.

मी पहिल्यांदा हेच वडिलांच्या कोयतीवर केलं. जुन्या विळ्याची बाभळीची मूठ काढली, कोयतीच्या शेपटावर ठोकून बसवली, फट राहिली तिथे लाकडाच्या चिपा कोंबल्या. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी झावळं तोडताना पातं मुठीतून निसटलं आणि दोन हात लांब जाऊन पडलं. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. कमरेच्या आकडीला (अवजार अडकवायच्या हुकाला) कोयती लावून माडावर चढणाऱ्याच्या हातून असं झालं, तर खाली कोण उभं आहे हे त्याला दिसतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शेपूट न बघता मूठ निवडणं

मुठीच्या आत पात्याचा जो भाग जातो त्याला मी शेपूट म्हणतो. मूठ बाहेरून कितीही सारखी दिसली तरी ती त्या शेपटाच्या मापाने केलेली असते. काही सुऱ्यांचं शेपूट मुठीएवढंच रुंद असतं, दोन बाजूंना दोन फळ्या आणि आरपार रिव्हेट, म्हणजे दोन्ही टोकांनी ठोकून बसवलेले खिळे. विळा-कोयत्याचं शेपूट बहुधा अरुंद आणि टोकाकडे निमुळतं असतं. ते मुठीच्या भोकात शिरतं, कधी मुठीच्या मागून बाहेर काढून वाकवून ठोकलेलं असतं. तिसरा प्रकार प्लास्टिकच्या मुठीचा, जी थेट पात्यावर ओतलेली असते. ट्रेकला जाणारे बरेच जण स्वीडनच्या मोरा कंपनीची कंपॅनियन सुरी वापरतात, ती याच प्रकारातली. तिची मूठ काढायची म्हणजे फोडायचीच, त्यामुळे ती दुसऱ्या सुरीला बसवता येत नाही. शिवाय आतलं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत पोचतच नाही, हे फोडल्यावर कळतं. लाकडी मूठ नव्याने करणार असाल तर भोकाची खोली त्या हिशेबाने धरा.

अरुंद शेपटाच्या पात्याला फळ्यांची मूठ बसत नाही आणि उलटही नाही. काही जण रुंद शेपूट ग्राइंडरने कापून अरुंद करतात. तसं करायचंच असेल, तर पातं संपून शेपूट सुरू होतं तिथे काटकोनी खाच ठेवू नका. गोल कानशीने तो कोपरा गोलसर करा. काटकोनी खाचेत सगळा ताण एका रेषेवर येतो आणि पातं नेमकं तिथेच तुटतं. कोयत्याच्या बाबतीत मात्र शेपूट कापूच नये. त्यावर प्रत्येक घावाचा हिसका बसतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं त्या घराचं पोट त्या अवजारावर चालतं.

भोकं जुळतील असं गृहीत धरणं

एकाच प्रकारच्या दोन सुऱ्यांची भोकंसुद्धा बरेचदा जुळत नाहीत, कारण फळ्यांना भोकं पाडताना शेपूट मध्ये धरून एकत्रच पाडलेली असतात. लोहाराच्या हातच्या दोन कोयत्यांत तर काहीच सारखं नसतं. परदेशी सुरी असेल तर मापांचा घोळ होतो. अमेरिकी सुऱ्यांची भोकं इंचात असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते ६ मिमीची सळी. ती त्या भोकात खुळखुळते. एक अष्टमांश इंच म्हणजे जवळपास ३.१८ मिमी, तिथे ३ मिमीची पिन थोडी सैल पण चिकटवून चालून जाते.

जुन्या फळ्याच वापरायच्या असतील तर त्यांची भोकं लाकडाच्या गोल खुंटीने गोंद लावून बुजवा, सुकू द्या, आणि नवीन शेपूट फळीवर आवळून त्याच्या भोकातून ड्रिल चालवा. एक भोक झालं की त्यात पिन घाला, मगच दुसरं पाडा, म्हणजे फळी सरकत नाही. शेपटालाच नवं भोक हवं असेल आणि ड्रिलचं बिट नुसतं घसरत असेल, तर ते पोलाद पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं आहे. जोर लावून साधं बिट जाळू नका, कार्बाइडचं बिट आणा.

मूठ काढताना पात्याचं पाणी उतरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती भरून येत नाही. मूठ निघत नाही म्हणून पातं गॅसवर धरायचं, किंवा शेपूट लाल करून मुठीत जाळत भोक पाडायचं, हे सर्रास चालतं. शेपूट मऊ पडलं तर बिघडत नाही, पण उष्णता धारेकडे सरकते. तापलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेपर्यंत निळा रंग पोचला की पात्याचं पाणी उतरलं. मग दगडावर कितीही घासा, धार दोन कांदे चिरेपर्यंतच टिकते. पुन्हा पाणी द्यायला लोहाराकडेच जावं लागतं.

जुन्या मुठी बऱ्याचदा लाखेने किंवा राळेने बसवलेल्या असतात. लाख ७५ ते ८० अंशांनाच मऊ होते. त्यामुळे पातं मुठीच्या कडेपर्यंत उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरलं की उष्णता शेपटातून वर चढते आणि मूठ हळूहळू फिरवत निघते. १०० अंशांनी धारेचं काही बिघडत नाही. हात भाजू नये आणि चिरू नये म्हणून जाड कापडाने धरा. जुन्या सुऱ्या गरम पाण्यात धुतल्यावर मूठ का हलायला लागते, त्याचंही कारण हेच.

रिव्हेटची मूठ असेल तर रिव्हेटचं डोकं कानशीने किंवा ड्रिलने उडवा आणि उरलेला खिळा मागून ठोकून काढा. मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून फळी उचकटली की ती हमखास चिरते.

शेपूट जाळूनच बसवायचं असेल तर सगळ्या पात्याला ओलं फडकं गुंडाळा, फक्त शेपटाचं टोक तापवा, आणि फडक्यातून वाफ यायला लागली की थांबा. मी हल्ली ते करतच नाही. बारीक ड्रिलने ओळीत दोन-तीन भोकं पाडून ती अरुंद कानशीने जोडतो. वेळ लागतो, पण भोक शेपटाच्या मापाचं होतं.

भोकात हवा कोंडणं, मुठीला पीळ राहणं

भोक एका बाजूने बंद असेल आणि त्यात अ‍ॅराल्डाइट हा दोन नळ्यांचा गोंद भरून शेपूट दाबलं, तर आतली हवा गोंदाला बाहेर ढकलते आणि सकाळी शेपूट अर्धा सेंटिमीटर वर आलेलं दिसतं. शेपटाच्या कडेला कानशीने एक उथळ चर काढला की हवा त्यातून निघून जाते. गोंद ओला असतानाच सुरी डोळ्यासमोर लांब धरून मागून बघा, पात्याचा कणा आणि मुठीचा मध्य एका रेषेत आहेत का. सुकल्यावर हा पीळ काढता येत नाही.

पाच मिनिटांत सुकणारा गोंद या कामाला नको. सावकाश सुकणारा घ्या, दोन्ही नळ्यांतलं सारखं मापून घ्या आणि पूर्ण २४ तास हात लावू नका. आधी शेपूट पॉलिश पेपरने खरबरीत करून थिनरने पुसा. सागवानाची फळी असेल तर लाकडालाही थिनर लावा, त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद धरत नाही. फळ्या आवळताना सगळा जीव लावू नका, नाहीतर गोंद बाहेर येऊन आत कोरडंच राहतं.

पारंपरिक पद्धतीने करायचं तर मंद आचेवर राळ वितळवून त्यात विटेची बारीक पूड मिसळतात. नुसती राळ ठिसूळ असते, पुडीमुळे ती नीट धरून ठेवते. राळ पेट घेते, म्हणून ज्वाळेपासून दूर. मुठीच्या तोंडाशी धातूचं कडं, म्हणजे वसवी, बसवायला विसरू नका. कोयत्याची मूठ फाटते ती तोंडापासूनच.

क्रम चुकणं

पात्याला आधी जाड चिकटपट्टी गुंडाळा. हे इतकं साधं आहे की माणूस विसरतो आणि टाके घालायची वेळ येते. फळ्यांची पात्याकडची कड चिकटवण्याआधीच घासून गुळगुळीत करा, नंतर तिथे पॉलिश पेपर नेला की पात्यावर ओरखडे येतात. रिव्हेट हलक्या हाताने, पुष्कळ छोट्या टोल्यांनी ठोका. जोराने ठोकला की खिळा मधोमध फुगतो आणि लाकडाला भेग पडते.

पावसाळा विसरणं

जुलैत बसवलेली मूठ एप्रिलमध्ये तपासा. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, पोलाद तसंच राहतं. म्हणून उन्हाळ्यात शेपटाच्या कडा फळ्यांच्या बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात. ओलं लाकूड वापरलं तर हे फारच होतं. शक्यतो उन्हाळ्यात मूठ बसवा, आणि लाकूड त्याआधी काही आठवडे घरातच पडू द्या. मासे कापायच्या सुरीला फट ठेवूच नका. खारं पाणी आत शिरलं की गंज फुगतो आणि फळी आतून उचलतो. बाहेरून मूठ छान दिसत राहते, पण रिव्हेटभोवती तपकिरी पाणी झिरपायला लागलं की ती उघडायची वेळ झाली.

शेवटचा हात तेलाचा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडात सुकत नाही, काही दिवसांनी चिकट होतं आणि खवट वास येतो. जवसाचं तेल सुकून घट्ट होतं. स्वयंपाकघरातल्या सुरीला साधं खाण्याचं जवसाचं तेल पातळ लावा, पुसा, आठवडाभर सुकू द्या. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लवकर सुकतं, पण त्यात इतर रसायनं असतात, ते कोयत्यालाच ठीक. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.