कोकणात घर-बाग सजवण्याचं काम करायचंय?

मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गुहागर-वेंगुर्ल्याकडे जागा घेतं तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये रिसॉर्टचे फोटो तयार असतात. या धंद्यात नवे असाल तर ते न हसता बघा, आणि आराखड्याला हात लावण्याआधी एकदा भर जुलैत जागेवर जाऊन या.

जागा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, असली की ठरलेली फर्माईश: जेसीबी लावा, माती टाका, लॉन करा. मी विरोध करतो. त्याच कातळावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि तेरडा आपणहून फुलतात. लॉनला मात्र पाऊस संपल्यापासून पाणी हवं, आणि मे महिन्यात टँकर केवढ्याला पडतो ते गावात विचारा. घराजवळ बकुळ, अनंत, एखादी सुरंगी पुरे. शिवाय कातळ फोडण्याआधी झाडून बघावा. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत आणि २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

जांभ्याच्या भिंतीला आतून गिलावा नको. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, खाणीतून मऊ निघतो, हवा लागली की कडक होतो. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, नीट भरल्या की ती भिंत पुरेशी देखणी असते. आमचे गवंडी तर सरळच विचारतात, "चिरो कित्याक झाकतास?" पश्चिमेला पडवी खोल ठेवा.

चित्रांचा शौक असलेली माणसं भेटतात, तिथे खरी कसोटी. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, संच १२० पानांचा. सगळा एकाच फ्रेममध्ये ठोकला की दुकान वाटतं. चार पानं लावा, बाकीची डबीत राहू द्या, पाहुण्यांच्या हाती द्या. पिंगुळीची चित्रकथी तर एकेक चित्र समोर धरून, गोष्ट सांगत दाखवायची कला. म्हणून भिंतीवर एका वेळी एकच. जुनी पोथी, म्हणजे एका गोष्टीच्या चित्रांचा गठ्ठा, फोडून सुटी पानं विकणाऱ्याकडून काही घेऊ नका, गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी. पिंगुळीत आज काम करणाऱ्या चित्रकारांकडून नवं घ्या. आणि कागद बाहेरच्या भिंतीवर कधीच नको. ओल मागून येते, बुरशी धरते. मधली भिंत, काच आणि चित्रामध्ये माउंटचं (कडेच्या पुठ्ठ्याचं) अंतर, पावसाळ्यात आठवड्याला एक नजर.

मोबदल्याचं आधीच बोलून घ्या. खर्चाच्या टक्केवारीवर फी ठरवलीत तर गिऱ्हाइकाला वाचवून दिलेला प्रत्येक रुपया तुमच्याच खिशातून जातो. मी ठरावीक रक्कम घेतो, पावसाळ्यातली पाहणी धरून.