डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: काळी स्क्रीन अशी गेली

सोलापुरात काकांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. बिलिंगच्या जुन्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) पेनड्राइव्हवरून टाकायचं होतं. पेनड्राइव्ह बूट मेनूत (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) दिसायचा, निवडला की काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर.

आधी आयएसओ फाइल (मिंटची डाउनलोड केलेली संपूर्ण प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली. त्याने बूट होत नाही. मग नवी पेठेतून दुसरा पेनड्राइव्ह आणला, तेच. दोन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

नंतर पेनड्राइव्ह रूफसने (पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा बनवणारा प्रोग्राम) बनवला, पण त्यातलं माझं सेटिंग चुकलं होतं. पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हवरच्या जागेची मांडणी) जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची होती आणि या लॅपटॉपला यूईएफआय (लॅपटॉप सुरू करणारी नवी प्रणाली) नाही, फक्त तिच्या आधीचा जुना बायोस.

दुकानाचा डेटा आधी दुसरीकडे काढला, हे विसरू नका. मग रूफसमध्ये आयएसओ निवडून पार्टिशन स्कीम एमबीआर (जुन्या बायोसला चालणारी), फाइल सिस्टम फॅट32 ठेवून स्टार्ट. विचारल्यावर आयएसओ मोड. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. लॅपटॉप बंद करून तो लावला, सुरू करताच एफ12 दाबत राहिलो (काही कंपन्यांत एफ9 किंवा एस्केप), यूएसबी निवडलं. मिंटचा डेस्कटॉप आला की तिथल्या इन्स्टॉलच्या चिन्हावर डबल क्लिक. शेवटी रीस्टार्ट होताना सूचना आल्यावरच पेनड्राइव्ह काढून एंटर.