काफ्का स्ट्रीम्समध्ये डीएसएलच्या जोडीला स्वतःचा प्रोसेसर

काफ्का स्ट्रीम्स या सतत येणाऱ्या नोंदींवर प्रक्रिया करणाऱ्या लायब्ररीत गाळणी, रूपांतर, गट पाडणे ही कामे डीएसएलवरच, म्हणजे तिच्या तयार क्रियांच्या संचावरच, सोपवावीत. मात्र एखाद्या मापकाकडून दहा मिनिटे नोंद आली नाही तर इशारा द्यायचा असेल, तर त्या एका टप्प्यापुरताच स्वतःचा प्रोसेसर (एकेक नोंद हाताळणारा आपला कोड) लिहावा आणि तो 'प्रोसेस' पद्धतीने साखळीत जोडावा, आवृत्ती 3.3 पासून ही पद्धत पुढचा प्रवाह परत देते, त्यामुळे साखळी तुटत नाही. नोंदीची की (ती कोणत्या विभागात जाईल हे ठरवणारी ओळख) बदलणार नसेल तर 'प्रोसेसव्हॅल्यूज' निवडावे, म्हणजे पुढे अनावश्यक पुनर्विभाजन (कीनुसार नोंदींची विभागांत नव्याने वाटणी) होत नाही.

स्टेट स्टोअर (प्रोसेसर आपली माहिती जपून ठेवतो ती जागा) हे सप्लायरच्या, म्हणजे प्रोसेसर तयार करून देणाऱ्या घटकाच्या, 'स्टोअर्स' पद्धतीतूनच द्यावे, आणि सप्लायरने प्रत्येक वेळी नवा प्रोसेसर द्यावा. इशाऱ्यासाठी पंक्च्युएटर (ठरावीक अंतराने आपोआप चालणारा कोड) प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेवर लावावा, कारण प्रवाहाची वेळ (नोंदींवरील वेळेच्या शिक्क्यांवरून ठरणारी) नव्या नोंदींवरच पुढे सरकते आणि येथे तर नोंदी थांबल्याचेच कळायला हवे.

सर्वाधिक दक्षता कीबाबत घ्यावी. आधी 'सिलेक्टकी' वापरून की बदलली असली, तरी 'प्रोसेस' आपणहून पुनर्विभाजन करत नाही. म्हणून त्याआधी 'रीपार्टिशन' स्पष्टपणे लिहावे, नाहीतर एकाच मापकाच्या नोंदी वेगवेगळ्या स्टोअरमध्ये विखुरतात आणि खोटे इशारे जातात.