पुराआधी बोटीचं जुनं इंजिन तपासताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना लागली की इशारा, 43 ला धोका. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांत तोवर बोटी बाहेर निघालेल्या असतात. इंजिन मात्र गेल्या पावसाळ्यानंतर कुणी हात न लावलेलं. दोन-चार वेळा दोरी ओढल्यावर ते सुरू होतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि दहा मिनिटांनी ऐन धारेत बंद पडतं. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘कार्ब्युरेटर खोला.’

इथंच पहिली चूक होते. पेट्रोल टाकीतून निघतं, नळी, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब, फिल्टर आणि पंप ओलांडून सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरला पोचतं. तपासणी त्याच क्रमाने, टाकीपासून करायची. 2019 च्या पुरात आमची बोट उसावरून जाताना बंद पडली. चिंचेच्या फांदीला दोर बांधून आम्ही प्लग काढले, पुसले, परत लावले. अर्धा तास त्यात गेला आणि समोरच्या माळवदावर माणसं वाट बघत उभी होती. शेवटी एकाचं लक्ष बल्बकडे गेलं. तो आत ओढला जाऊन चपटा झाला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता, एवढंच कारण. पेट्रोल उपसलं जातं तेवढी हवा टाकीत आली नाही, तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

तेव्हापासून इंजिन अडलं की मी आधी बल्ब हातात घेतो. तो चपटा असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: झाकणाचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी किंवा मुरगळलेली नळी. बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे किंवा बल्बातल्या झडपा गेल्या आहेत. दाबताना बल्बवरचा बाण इंजिनाकडे आणि वर असावा. बल्ब उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे.

हवेची गळती लोकांना पटत नाही, कारण ‘पेट्रोल कुठं सांडतंय?’ असं ते विचारतात. पंपाच्या अलीकडची नळी ओढीखाली असते, त्यामुळे बारीक चीर असली तर पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते. बल्बच्या पुढे पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडा. त्यात बुडबुडे पळताना दिसले की जोडाच्या कपलिंगमधली ओ-रिंग आणि नळीची टोकं बघा. नळी बाइंडिंग वायरने आवळू नका, तार रबरात रुतते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्टीलचा क्लॅम्प सहज मिळतो.

जुन्या नळ्यांना आता आणखी एक त्रास आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासून होणारं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं आणि पाणी शोषून घेतं. टाकी अर्धी ठेवून आठ महिने ती दमट खोलीत पडली, की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून मे महिन्यात तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेट लांब ठेवून करा.

टू-स्ट्रोक इंजिनात या दुखण्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. त्याला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि तळाच्या पाण्याच्या थरात तर ऑइल जवळपास नसतंच. इंजिन दम टाकत असताना थ्रॉटल पिळत राहिलात, तर पिस्टन जाम होईल. जुनं इंजिन म्हणून अंदाजाने जास्त ऑइल ओतणंही चूक आहे, त्याने प्लग काळे होतात. 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, मापाने. काही जुन्या इंजिनांचं प्रमाण वेगळं असतं, ते पुस्तिकेत बघून घ्या.

पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून ‘तयार आहे’ म्हणू नका. पिंपात त्याच्यावर भार नसतो आणि थोड्या पेट्रोलवरही ते गोड चालतं. बंधाऱ्याच्या संथ पाण्यात माणसं बसवून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण वेगात न्या. इंजिनाचा जोर कमी व्हायला लागला की दुसऱ्याने बल्ब दाबायचा. त्यावर इंजिन पुन्हा उचललं, तर पंपाचा पडदा किंवा त्याच्या अलीकडची नळी दोषी आहे. काहीच फरक पडला नाही, तर मग कार्ब्युरेटर खोला. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

पूर ओसरल्यावर बोट जागेवर लागली की त्याच आठवड्यात कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून वाटी रिकामी करा, टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढून घ्या आणि नळी बल्बसकट सावलीत टांगून ठेवा.