गोचीड चावलाय? आधी तारीख लिहून ठेवा

‘गोचिडासारखा चिकटलाय’ असं आपण उगाच म्हणत नाही. तो कातडीत तोंड रुतवून दिवसेंदिवस बसतो, आणि चावताना दुखत नसल्याने पत्ताच लागत नाही. म्हणून गवतातून, झाडीतून आल्यावर केसांत, कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे नीट तपासा. त्याचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं.

सापडला, की बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यांच्या नादी लागू नका. डिवचलेला गोचीड जास्त लाळ सोडू शकतो, आणि जंतू येतात ते लाळेतूनच. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

एक-दोन दिवसांत तिथे उठलेला छोटा लाल फोड बहुधा नुसता चाव्याचा असतो. 3 ते 30 दिवसांत उमटून पसरत जाणारा, 5 सेंटिमीटरहून मोठा चट्टा मात्र लाइम या गोचिडातून येणाऱ्या जिवाणूंच्या रोगाचा असू शकतो. तो सहसा खाजत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. पेनाने त्याची कड आखा, रोज फोटो काढा.

खरी फसगत रिपोर्टमध्ये होते. लाइमची रक्ततपासणी प्रतिपिंडं (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटका नव्हे. असा चट्टा दिसला, तर डॉक्टर तपासणीविनाही डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात, साधारण 10 दिवस.

ताप, जबर डोकेदुखी, मागाहून पुरळ असं असेल तर रिकेट्सिया या गोचिडातून येणाऱ्या जिवाणूची शंका घ्यावी लागते. इथे रिपोर्टची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. संशय आला की डॉक्सिसायक्लिन, लहान मुलांनासुद्धा.

पण हे औषध गोचिडातून येणाऱ्या सगळ्याच आजारांवर चालत नाही. बॅबेसिया हा तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी. तो रक्ताच्या काचपट्टीवर दिसतो आणि त्याची औषधं वेगळी. माकडताप विषाणूमुळे होतो. त्यावर खास औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणं हाच उपचार. त्यात ॲस्पिरिन टाळायचं. म्हणून घरातली उरलेली अँटिबायोटिकं स्वतःच्या मनाने घेऊ नका.

डॉक्टर गोचिडाबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही. तुम्हीच तारखेसकट सांगा.

आणि पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर सरकू लागला, तर तडक दवाखाना गाठा, आणि अंगावर, विशेषतः केसांत, अजून एखादा गोचीड चिकटलेला आहे का ते बघायला सांगा. बऱ्याचदा तो काढल्यावर काही तासांत रुग्ण सावरू लागतो.