ग्राहक म्हणून तक्रार करताय? या चुका टाळा

वस्तू सदोष असते, दुकानदाराने हात झटकलेले असतात, ग्राहकाची बाजूही खरी असते, आणि तरी तक्रार फेटाळली जाते. अशा वेळी घोळ बहुधा सुनावणीत झालेला नसतो. तो त्याआधीच्या महिन्यांत झालेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती ‘बघू, करतो म्हणालेत’ या भरवशावर राहण्याची चूक. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेकडे, तक्रार दाखल करावी लागते. प्रत्यक्षात काय होतं? वॉशिंग मशीन बंद पडतं, कस्टमर केअर तक्रार क्रमांक देतं, मेकॅनिक येऊन जातो, पार्ट मागवलाय असं कळतं, मग दुसरा मेकॅनिक येतो. बोलणी चालू आहेत म्हणजे मुदतही थांबली असेल, असं ग्राहक धरून चालतो. मुदत थांबत नाही. तुमची स्मरणपत्रं, ईमेल, वकिलाची नोटीस, हेल्पलाइनवरची नोंद यांपैकी कशानेही ती दोन वर्षं लांबत नाहीत. उशिराचं सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य करायचा की नाही हे आयोग ठरवतो. ‘कंपनी आज-उद्या करत होती’ एवढ्यावर विसंबू नका. बोलणी जरूर करा, मात्र ती वर्षभराच्या पुढे ताणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनबद्दलही असाच गैरसमज आहे. तिथे तक्रार नोंदवणं उपयोगाचं आहे, कारण ती कंपनीकडे पाठवली जाते आणि काही प्रश्न तिथेच सुटतात. पण कंपनी नाही म्हणाली, तर तिला आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनकडे नाही. तो आयोगाकडे आहे.

सगळं फोनवर, कागदावर काहीच नाही

फोनवर कितीही कबुली मिळाली तरी नंतर ती सिद्ध कशी करणार? म्हणून प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा ईमेल टाका: आज अमुक वाजता बोलणं झालं, तुम्ही अमुक दिवसात वस्तू बदलून देणार असं सांगितलं. समोरून उत्तर आलं नाही तरी तुमची नोंद राहते.

पावतीचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. बिल द्यायला टाळाटाळ करणं ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा थोडे पैसे वाचतील म्हणून बिनबिलाची खरेदी करू नका. केली असेलच, तर बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची नोंद जपा.

आणखी एका जागी जपायला हवं. दुरुस्तीला आलेला माणूस जॉब शीटवर सही मागतो किंवा ‘तक्रार बंद करायला ओटीपी सांगा’ म्हणतो. मशीन चालवून बघितल्याशिवाय यातलं काहीही देऊ नका. ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या कागदावरची तुमची सही पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवली जाते. दोष तसाच असेल तर सहीच्या वर तसं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून घ्या.

हक्क आहे, पण नेमका कशावर?

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर 30 दिवसांत हे करावं लागतं. पण घरी आल्यावर रंग आवडला नाही म्हणून पैसे परत मागण्याचा हक्क हा कायदा देत नाही. तिथे दुकानाचं स्वतःचं धोरणच लागू होतं. या दोन गोष्टींची गल्लत केली की खरी तक्रारही हट्टासारखी दिसते.

पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाबाबत तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र मात्र याला अपवाद आहे. शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या बाईने ‘तुम्ही धंदा करता’ एवढं ऐकून माघार घेऊ नये.

कुठे जायचं आणि काय मागायचं

कंपनीचं कार्यालय दूरच्या शहरात आहे म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. कोणत्या पातळीवर जायचं हे तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

तक्रारीत सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, म्हणून फक्त दुकानदाराचं नाव घालू नका. वॉरंटी कंपनीची असेल तर कंपनीलाही सामील करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. मागणी नेमकी लिहा: पैसे परत, व्याज, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा वाटेल तसा फुगवला की मूळ मुद्द्यावरचं लक्ष उडतं.

आदेश बाजूने लागला की काम संपलं, असंही समजू नका. जिल्हा आयोगाच्या आदेशावर समोरच्याला 45 दिवसांत अपील करता येतं. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती असेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, 25 हजार ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो.